उन्हाळ्याची दुपार

मार्च महिन्यात आम्ही सातवीच्या वर्गाला निबंध दिला होता, ‘माझा आवडता ऋतू’. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि आम्ही तेथे मराठी शिकवतो. दरवर्षी या विषयावर बहुतेक सगळी मुले पावसाळाच लिहितात. धाराशिव जिल्ह्यातील मुलांनी पावसाळ्यावर प्रेम करावे यात नवल नाही. ज्या गोष्टीची वाट पाहावी लागते ती आवडतेच. एका मुलीने मात्र उन्हाळा लिहिला. आम्हाला वाटले, आंबे असतील, सुट्टी असेल, नानीचे गाव असेल. वही उघडली तर पहिलेच वाक्य होते : उन्हाळ्यात माझे अब्बा दुपारी घरी असतात.

तिचे अब्बा गवंडीकाम करतात. इतर दिवसांत ते सकाळी आठला जातात आणि अंधार पडल्यावर येतात. एप्रिल लागला की त्यांचा मिस्त्री कामाची वेळ बदलतो. फजरची नमाज झाली की काम सुरू, अकराला बंद. मग पुन्हा साडेचारपासून दिवस मावळेपर्यंत. मधल्या वेळात अब्बा घरी. तिने लिहिले होते की ते कलिंगड कापतात, फरशीवर चटई टाकून आडवे होतात आणि तिला धडा वाचायला लावतात. धडा संपायच्या आत त्यांना झोप लागते.

निबंधात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या. पण त्या मुलीने आम्हालाच एक धडा शिकवला. उन्हाळ्याची मजा आणि उन्हापासून बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. मजा म्हणजे भटकणे आणि बचाव म्हणजे घरात कोंडून घेणे! त्या घरात मात्र अब्बांचा बचाव हीच लेकीची मजा होती.

मग आमच्या मनात प्रश्न आला. ही दुपार आपल्या घरात कोणाकोणाच्या वाट्याला येते? आणि कोणाच्या वाट्याला येत नाही?

आमच्या घरात ती आमच्या खालाच्या वाट्याला येत नव्हती. हे आम्हाला कळायला मोठी किंमत मोजावी लागली असती. अल्लाहच्या कृपेने निभावले.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधील गोष्ट. घरात कुरडयांचा घाट घातला होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून झाला होता. पहाटे एक घाणा शिजवला, गच्चीवर सोऱ्याने कुरडया घातल्या. तेवढ्यावर थांबता आले असते. पण चीक उरला होता. खाला म्हणाली, “आता कशाला ठेवायचा, लगे हाथ होऊन जाऊ दे.” दुसरा घाणा चुलीवर शिजला तेव्हा साडेअकरा वाजले होते. ती गच्चीवर गेली. आम्ही खालून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा वरून एकच उत्तर आले, “जरासाच रह गया बेटा.”

तिसऱ्या हाकेला जे उत्तर आले त्याचा अर्थ लागेना. वर जाऊन पाहिले तर खाला प्लास्टिकच्या कागदाच्या कडेला बसलेली, हातात सोऱ्या, आणि ती आपल्या मयत भावाशी बोलत होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले. उठवायला गेलो तशी ती कलंडली.

त्यानंतरच्या काही मिनिटांत आम्ही करू नये ते बरेच केले. तिला उचलून खोलीत आणले आणि सगळे घर तिच्याभोवती गोळा झाले. एकाने कांदा हुंगायला दिला. एकाने तिचे तोंड उघडून पाणी ओतायला सुरुवात केली, ते सगळे गालावरून ओघळले आणि तिला ठसका लागला. एकाने तापाची गोळी शोधायला कपाट उघडले. शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. त्या धावत आल्या आणि दारातूनच ओरडल्या, “पाणी तोंडात नको, अंगावर घाला!” मग माठातले पाणी, बादलीतले पाणी, ओली चादर, पंखा, फ्रीजमधला बर्फ कापडात गुंडाळून मानेला आणि काखेत. १०८ क्रमांकाला फोन केला. गाडी येईपर्यंत आमचे हात थांबले नाहीत. दवाखान्यात पाच दिवस काढून खाला घरी आली.

त्या बाईंनी नंतर जे समजावले ते येथे सांगतो, कारण ही माहिती ऐनवेळी शोधता येत नाही.

आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस असते. बाहेर कितीही तापले तरी शरीर घाम काढते, घाम वाळतो आणि त्यासोबत उष्णता निघून जाते. माठात पाणी गार होते तसेच हे. माठ पाझरला नाही तर पाणी गार होणार नाही आणि माणसाच्या अंगात पाणी उरले नाही तर घाम पुरणार नाही. हवा दमट असली तर घाम येतो पण वाळत नाही, मग त्याचा उपयोग होत नाही. आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गळून गेल्यासारखे वाटते. या पायरीवर सावलीत आडवे होणे, कपडे सैल करणे, अंग पुसणे आणि घोट घोट पाणी पिणे एवढ्याने माणूस सहसा सावरतो. पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचे तापमान ४० अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते आणि माणूस बरळू लागतो, भान हरपते, कधी झटके येतात. अंग कोरडे असेलच असे नाही, कष्ट करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. म्हणून लक्षात ठेवायची खूण एकच : उन्हातून आलेला माणूस विसंगत बोलू लागला की तो ‘थकलेला’ नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. १०८ ला फोन करायचा आणि त्याच वेळी अंग गार करायला घ्यायचे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचे नाही. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

“आमच्या मराठवाड्याच्या माणसाला ऊन काय करणार?” हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. खालाही म्हणायची. सवय असते हे खरे, पण सवयीलाही हद्द असते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात तासन् तास बसला होता. पारा त्या दिवशी चाळिशीच्या खालीच, ३८ अंशांच्या आसपास होता. तरीही १४ जणांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, हजच्या दिवसांत मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने १३०१ मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्यांत पाचांपैकी चारांहून अधिक जण परवान्याशिवाय आलेले होते. त्यांच्यासाठी ना तंबू होता ना गाडी, लांबलांबची वाट त्यांनी भर उन्हात पायी तुडवली. त्याच आकाशाखाली ज्यांना सावली मिळाली त्यांतले बहुतेक सुखरूप परतले. अल्लाह सर्व मृतांना मगफिरत देवो. पण बोध घ्यायचा तो हा की पाऱ्याच्या आकड्याइतकीच सावलीही महत्त्वाची असते.

आणखी एक गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. बातम्यांत जे ४१ किंवा ४२ अंश सांगतात ते सावलीतले तापमान असते. हवामान खाते तापमापक उन्हात ठेवत नाही, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवते. म्हणजे गच्चीवर, डांबरी रस्त्यावर, हातगाडीमागे उभ्या असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावे लागते.

आणि आपल्या जिल्ह्यात घरात बसलेल्यालाही सोसावे लागते. याचे कारण आपल्या घरांत आहे. आमचे आजोळ उमरगा तालुक्यात. नानीचे घर माळवदाचे होते. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. वैशाखातही आत गेले की अंगावर गारवा यायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर या भागातील हजारो माणसे त्याच जाड भिंतींखाली आणि मातीच्या ओझ्याखाली गेली. त्यानंतर कितीतरी लोकांनी माळवदाची धास्तीच घेतली. अंगणात पत्र्याचे शेड ठोकून त्यात झोपू लागले. कोणी सिमेंटची घरे बांधली, पण पत्रा बऱ्याच घरांवर कायमचा राहिला. पत्रा कोसळला तरी माणूस वाचतो, हा त्यामागचा हिशोब. तो चुकीचा नव्हता. पण त्या भीतीची किंमत आपण दर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार मोजतो.

पत्रा काढता येत नाही, त्याचा ताप कमी करता येतो. पत्र्यावर किंवा गच्चीवर पांढरा चुना दिला तर ऊन बरेचसे परतवले जाते. अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना सुरू केली आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे कामही त्यात घेतले. आपल्याकडे हे काम एका रविवारी घरातली पोरे करू शकतात. फक्त सकाळी आठच्या आत करावे आणि पत्र्यावर चढताना मोठे माणूस सोबत असावे. पत्र्याखाली बांबूची चटई किंवा जुन्या साड्यांचे छत बांधले तरी फरक पडतो. पश्चिमेची खिडकी दुपारी झाकून ठेवावी, रात्री सगळ्या उघडाव्यात. पंख्याबद्दल मात्र एक गैरसमज आहे. खोलीतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखा भट्टीतलीच हवा अंगावर फेकतो. अशा वेळी त्याच्यावर विसंबू नये. अंग वारंवार ओल्या कापडाने पुसावे आणि जमेल तर घरातल्या किंवा शेजारच्या गार जागेत जाऊन बसावे.

आता दुपारच्या वाटणीकडे येतो. आपला दीन दुपारच्या उन्हाशी झुंजायला सांगत नाही. कडक उन्हात जोहरची नमाज जरा थंडावा होईपर्यंत लांबवावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. दुपारची वामकुक्षी, म्हणजे कैलुला, सुन्नत मानली जाते. नमाजसुद्धा जिथे उन्हाचा विचार करून अदा करायची, तिथे कुरडयांनी आणि भाकरीने का थांबू नये?

भाकरीचे नाव मुद्दाम घेतले. आपल्या घरांतील पुरुषांना दुपारी एक वाजता तव्यावरची गरम भाकरीच लागते. बाहेर ४१, पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात त्याहून अधिक, आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला किती, ते कोणी मोजतच नाही. मग आपण गार खोलीत बसून ‘यंदा ऊन फार आहे’ अशी चर्चा करतो. आमच्या घरी हेच चालत असे, कबूल करतो. खाला दवाखान्यातून आल्यावर घरात एक नियम झाला. एप्रिल आणि मेमध्ये नऊ वाजता चूल बंद. भाकरी सकाळीच होतात, दुपारी त्याच गार भाकरी, सोबत दही, कांदा, कैरीची चटणी, कधी ज्वारीची आंबील. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. दुसऱ्या आठवड्यात कोणाला आठवणही राहिली नाही. दुपारी दोन वाजता घरातल्या सगळ्या बायका आडव्या झालेल्या दिसणे, हे दृश्य आमच्या घरात आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले.

पाण्याचेही तसेच. तहान लागायची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, त्यांना ग्लास हातात द्यावा लागतो. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, सब्जा घातलेले पाणी, हे सगळे उत्तम. ओआरएसचे पाकीट घरात असावे आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते कालवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नये. बाटलीतले गोड थंड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. साखर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी उन्हाळ्यात किती पाणी आणि किती मीठ घ्यायचे, गोळ्यांची मात्रा तीच ठेवायची का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. बाहेर पडताना सुती आणि सैल कपडे घालावेत. बुरखा घेणाऱ्या बहिणींनीही घामाने अंगाला चिकटणारे नायलॉनसारखे कापड टाळावे आणि पातळ, सैल सुती कापड निवडावे. परदाही राहतो आणि वाराही लागतो.

एवढे सांभाळले तर उन्हाळा मजेचा आहे, अगदी खरेच मजेचा. त्याची मजा दिवसाच्या दोन टोकांना असते. मागच्या मे महिन्यात आम्ही मुलांना घेऊन नळदुर्गला गेलो. फजर पढून निघालो, तुळजापूरमार्गे ऊन चढायच्या आत किल्ल्यात. बोरी नदीवरचा दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे काम. नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायचे तर पावसाळ्यातच यावे लागते, मे महिन्यात ते कोरडे असतात. पण पाणीमहालात उतरल्यावर मुले आपोआप गप्प झाली. धाकट्याने दगडाला गाल लावला आणि म्हणाला, “यहाँ तो फ्रीज है!” जाड दगड, खोल जागा, बेताचा उजेड आणि शेजारी पाणी. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी गारवा असा बांधून ठेवला होता. साडेनऊला आम्ही परतीच्या वाटेला लागलो आणि अकराच्या सुमाराला घरी येऊन कलिंगड कापले.

एका मजेबद्दल मात्र सावध करतो. सुट्टीत पोरे विहिरीवर पोहायला जातात. जावे, पोहणे आलेच पाहिजे. पण सोबत पोहणारा मोठा माणूस हवा आणि कमरेला भोपळा किंवा हवा भरलेली ट्यूब हवी. शेततळ्यात तर कोणीही उतरू नये. ते उथळ आणि शांत दिसते, पण त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओल्या कागदावर पाय घसरतो, हाताला धरायला काही नसते, चांगला पोहणाराही काठावर येऊन बाहेर निघू शकत नाही. ज्यांच्या शेतात शेततळे आहे त्यांनी काठाला खुंटी ठोकून एक जाड, गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा. शंभर-दोनशे रुपयांचा दोर कोणाच्या तरी घरचा चिराग वाचवील.

रात्री गच्चीवर अंथरुणे पडतात. वीज गेली की गल्लीभर एकच ‘अरे!’ ऐकू येते आणि मग सगळ्या गच्च्यांवर गप्पा सुरू होतात. मुले चांदण्या मोजतात, खाला नानीच्या गावच्या गोष्टी सांगते. पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून झोपणारे घर उन्हाळ्यात एका चादरीवर येते.

शेवटी, ज्यांना दुपार मिळतच नाही त्यांच्याबद्दल. कलिंगडाच्या ढिगामागे बसलेला बागवान, हातगाडी ओढणारा, वेल्डिंगच्या दुकानातला पोऱ्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका. पाणी पाजणे हा श्रेष्ठ सदका आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. मोहर्रममध्ये सबील लावतो. ती सबील एप्रिल-मेमध्ये का लावू नये? दाराशी एक रांजण, त्यावर स्वच्छ झाकण, लांब दांड्याचे ओगराळे, रोज नवे पाणी आणि बसायला थोडी सावली. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी त्या मिस्त्रीप्रमाणे वेळ बदलावी. मजुरी तेवढीच द्यायची, कामही तेवढेच होते, फक्त घड्याळ सरकते.

यंदा आमच्या घरी पुन्हा कुरडया झाल्या. चीक पहाटे शिजला, साडेआठला शेवटची कुरडई पडली. उरलेला चीक शेजारीपाजारी वाटला, लोकांनी तो गूळ घालून आवडीने खाल्ला. खाला जिन्याच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. अकरा वाजता आम्ही हाक मारली, “खाला, चला खाली.”

“आले,” ती म्हणाली, आणि पहिल्याच हाकेला खाली आली.